फुरशाचे बक्षीस आणि कोयनेचे रान

कराडहून चिपळूणला निघालेला प्रवासी पाटण मागे टाकून हेळवाकला पोचला, की त्याच्या उजव्या अंगाला कोयनेचे खोरे उत्तरेकडे उघडते. तिथून थोडे पुढे गेले की कुंभार्ली घाट लागतो, देश संपतो आणि कोकण सुरू होते. ह्या घाटाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी आज आम्ही आपल्याशी बोलणार आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “काय हो, इतिहासातले राजे संपले काय, म्हणून सापसरड्यांवर आलात?” राजे संपलेले नाहीत. पण राजांचा इतिहास ज्या रानांतून घडला, त्या रानांचाही एक इतिहास आहे, आणि तो सांगणारे फार थोडे आहेत.

मराठी माणसाला इतिहासातला सरपटणारा प्राणी कोणता असे विचारले, तर तो एकच नाव सांगेल: तानाजीची घोरपड. १६७० च्या माघातली सिंहगडची चढाई आणि ती यशवंती घोरपड पोवाड्यांतून व शाळेच्या पुस्तकांतून घरोघर गेली आहे. घोरपडीच्या नख्या कपारीत घट्ट रुततात हे खरे. परंतु दोराला लोंबकळणाऱ्या गड्याचा भार ती पेलील, ह्यावर आमचा विश्वास नाही. रात्रीच्या अंधारात कडा चढून जाणारे मावळे खरे, आणि तेवढे पुरे आहे. गंमत एवढीच, की ज्या घोरपडीला आपण पोवाड्यात मान दिला, तिलाच आपण रानात तेलासाठी आणि मांसासाठी मारीत आलो. अलीकडे तर तिच्या नराच्या वाळविलेल्या जननेंद्रियाला ‘हत्थाजोडी’ नावाची दुर्मिळ मुळी म्हणून देव्हाऱ्यात बसविण्यासाठी विकणारे लोक पकडले गेले आहेत. घेणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात. असो.

आमची कथा सुरू होते ती घाटाच्या खालच्या अंगाला. रत्नागिरी जिल्ह्याच्या उघड्या, कातळी सड्यांवर फुरसे हा साप विपुल. लांबीने हातभरही नाही, रंगाने मातीचा. पण डिवचला की अंगाच्या कडा एकमेकींवर घासून करवतीसारखा आवाज करतो, आणि चावण्यात त्याचा हात धरणारा दुसरा साप नाही. भाताच्या कापणीला गेलेला, गवताचा भारा बांधणारा, अनवाणी चालणारा असा गरीब माणूसच त्याच्या तोंडी सापडतो. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले त्या सुमारास सरकारने ह्यावर उपाय काढला तो असा: फुरसे मारून आणा आणि बक्षीस घ्या. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत एक लाखाच्या वर मेलेली फुरशी सरकारजमा झाली. त्या बक्षिसाच्या काळात सहा वर्षे सरासरीने दरसाल सव्वादोन लाखांच्या आसपास फुरशी मारली गेल्याची नोंद आहे.

श्रोतेहो, हे आकडे ऐकून आपण क्षणभर थांबावे. एका जिल्ह्यात, एका जातीचे, आठ दिवसांत लाखभर साप. आता प्रश्न असा, की इतके मारून फुरसे संपले काय? संपले नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या दोन्ही जिल्ह्यांत आजही ते आहे. आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की त्या ढिगाऱ्यांत खरोखर किती फुरशी होती? तालुक्याच्या कचेरीत मेलेले, कुजू लागलेले साप मोजणाऱ्या कारकुनाला फुरसे आणि अंगावर ठिपके असलेला दुसरा एखादा निरुपद्रवी साप ह्यांतला भेद कळत होता काय? त्याला पगार मिळत होता तो मोजण्याचा, ओळखण्याचा नव्हे.

ही शंका आमची एकट्याची नाही. जी. डब्ल्यू. विडाल नावाचे मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतले एक अधिकारी होते. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी त्यांनीच केली. १८९० साली त्यांनी उत्तर कानड्यातल्या विषारी सापांवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या लांबलचक मथळ्यातच आपला मुद्दा सांगून टाकला: विषारी साप नीट ओळखले जात नाहीत, म्हणून सर्पदंशाच्या मृत्यूंचे सरकारी आकडे भरवशाचे नाहीत. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी आकड्यांविषयी असे छापून म्हणावे, ही गोष्ट आम्हांला त्या सापांइतकीच दुर्मिळ वाटते.

विडालसाहेबांचा निबंध ज्या नियतकालिकात आला ते मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे. ह्या नियतकालिकाचे नाव पुढे पुन्हापुन्हा येणार आहे, म्हणून त्याच्या घराण्याची ओळख करून देणे बरे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी मुंबईत ही संस्था स्थापिली. सहा साहेब आणि दोन आपले. ते दोघे म्हणजे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून आपल्याला ठाऊक असतात. दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. आपल्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही घराणी येतात. परंतु त्याच माणसांनी फुलपाखरे, शिंगे आणि बाटल्यांतले साप जमविणारी एक मंडळी उभी करण्यास हात लावला होता, हे आपल्या चरित्रग्रंथांत एखाद्या ओळीत उरकले जाते. आमच्या मते ही ओळ फार तोकडी आहे. ज्या बुद्धीने विधवेच्या केशवपनाला ‘का?’ असे विचारले, त्याच बुद्धीने ‘हा साप कोणता?’ असेही विचारले. दोन्ही प्रश्न त्या काळी सारखेच अवघड होते.

मंडळाला पुढे एक चिटणीस लाभले: हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन. धंद्याने दारूचे व्यापारी. त्यांनी आपल्या दुकानातलीच जागा मंडळाला दिली, आणि मद्याच्या बाटल्यांशेजारी मद्यार्कात बुडविलेल्या सापांच्या बाटल्या लागल्या. १८८८ साली सह्याद्रीतल्या एका जमिनीखाली राहणाऱ्या सापाला त्यांचे नाव मिळाले. हा साप खापरखवल्यांच्या कुळातला. आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्राणी पाहिला असेल आणि गांडूळ समजून सोडला असेल, किंवा दुतोंड्याचे पिल्लू समजून ठेचला असेल.

खापरखवल्याविषयी थोडे विस्ताराने बोलण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. ह्याचे डोके टोकदार, पहारीच्या अग्रासारखे. माती फोडून पुढे जाण्याकरिता केलेले. शेपूट मात्र तिरकस कापल्यासारखे बोथट, आणि त्याच्या टोकावर खरखरीत खवल्यांची एक ढाल. ह्या ढालीवर माती चिकटून बसते आणि मागून बीळ बुजते. शत्रूला दिसते ती नुसती माती. खापराच्या तुकड्यासारखे ते शेपूट पाहूनच आपल्या लोकांनी त्याला हे नाव दिले असावे. हा खातो गांडुळे, घालतो जिवंत पिल्ले, आणि चावत नाही. अंग ओले झाले की काळ्या कातडीवर इंद्रधनुष्याची झाक उठते. पृथ्वीच्या पाठीवर हे कुळ दक्षिण भारतातल्या डोंगरांत आणि सिंहलद्वीपात आहे, आणखी कुठेही नाही. त्यातही एका डोंगरावरचा प्रकार शेजारच्या डोंगरावर सापडेलच असे नाही. मातीखालून हळूहळू सरकणारा हा जीव. त्याला एक दरी म्हणजे समुद्रासारखी. म्हणून ज्याला सह्याद्रीच्या डोंगरांचे वय आणि त्यांची ताटातूट समजून घ्यायची असेल, त्याला हा गांडूळखाऊ साप जे सांगेल ते किल्ल्यांच्या बखरी सांगणार नाहीत.

१९५५ हे साल आम्ही मुद्दाम लक्षात ठेवले आहे. त्या वर्षी ह्याच नियतकालिकात व्ही. के. चारी ह्यांनी महाबळेश्वरच्या खापरखवल्याचा एक नवा उपप्रकार वर्णिला आणि त्याला महाबळेश्वरचेच नाव दिले. त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या एका निशाचर बेडकाचेही प्रथम वर्णन झाले. मंडळाचे कार्यकर्ते हुमायून अब्दुलअली ह्यांच्यावरून त्याचे नाव ठेवले गेले. हा बेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर आणि ओल्या दगडांवर आपली अंडी चिकटवितो. अंड्यांतून निघालेली पोरे टपटप पाण्यात पडतात. ही अंडी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. त्यांचे पुढे काम आहे.

मुंबईच्या मंडळात हे निबंध छापले जात होते, तेव्हा महाबळेश्वरच्या दक्षिणेला त्याच कोयनेच्या खोऱ्यात दुसरेच काम चालू झाले होते. धरण बांधले जात होते. १९६२ साली कोयनेची वीज निर्माण होऊ लागली आणि महाराष्ट्राच्या कारखान्यांना जीव आला. पण शिवसागराच्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांना बाधा पोचली. शेते, देवळे, पाणवठे, स्मशाने पाण्याखाली गेली. काही माणसे सोलापूरच्या रखरखीत उन्हात पाठविली गेली, काही ठाण्या-कुलाब्याकडे. काही तिथेच डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न एका पिढीत सुटला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेंच्या आसपास माणसे गेली, कोयनानगरची घरे कोसळली, आणि त्या खोऱ्याचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत गेले. धरणाच्या पाण्याच्या भाराचा भूकंपाशी संबंध काय, ह्या प्रश्नाला कोयनेचे उदाहरण आजही प्रथम दिले जाते.

आता पाहा, की माणूस खोऱ्यातून हलला आणि रान परत आले. जिथे नाचणी होत होती तिथे करवंदीची जाळी उठली, जाळीतून जांभूळ आणि अंजनी वर आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. ज्या देशात सापाच्या डोक्यावर बक्षीस होते तिथे अजगर आणि घोरपड मारणे हा गुन्हा ठरला. १९८५ साली कोयनेचे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्रफळ ४२३ चौरस किलोमीटरांच्या वर. वासोट्याचा किल्ला त्यातच येतो, आणि बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडून तिकडे जावे लागते. त्याच वर्षी दक्षिणेला चांदोलीचे अभयारण्य झाले, ते २००४ साली राष्ट्रीय उद्यान ठरले, आणि २०१० साली दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ साली पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणे जागतिक वारसा म्हणून गणली गेली, त्यांत कोयना आहे.

कागदावर ही चढती कमान आहे खरी. पण धरणाचे पाणी चढले तेव्हा जी माणसे वर सरकली, त्यांतल्या पुष्कळांना पंचवीस वर्षांनी कळले की आपण आता अभयारण्यात राहतो. इथे सरपण तोडायचे नाही, गुरे सोडायची नाहीत. एकदा विजेकरिता उठले, दुसऱ्यांदा वाघाकरिता उठा असे त्यांना सांगितले गेले. आम्ही सापांच्या बाजूने बोलायला उभे आहोत. तरी ही गोष्ट गाळून अभयारण्याचा इतिहास सांगणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या शांत रानात शास्त्रज्ञ रात्री विजेऱ्या घेऊन ओढ्याकाठी हिंडतात, त्या शांततेची किंमत कोणी तरी दिलेली आहे.

तर अशाच एका ओढ्याकाठी, कोयनेच्या रानात, २०१५ साली तेजस ठाकरे ह्यांच्या दृष्टीस एक साप पडला. झाडावर राहणारा, रात्री हिंडणारा, नारिंगी छटेच्या अंगावर वाघासारखे आडवे पट्टे असलेला, लांबीने सुमारे तीन फुटांपर्यंतचा. मांजऱ्या सापांच्या जातीतला. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी, म्हणून हे नाव. मांजऱ्या सापांचे विष सौम्य, माणसाला त्याची धास्ती नको. वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची खवल्यांगणिक परीक्षा केली, आधीच्या ज्ञात जातींशी ताडून पाहिले, आणि २०१९ साली त्याचे ठाकरे-नामांकित नवी जात म्हणून वर्णन प्रसिद्ध केले. ते छापले कुठे? विडालांचा आणि चारींचा निबंध जिथे आला त्याच नियतकालिकात.

ह्या शोधातली दोन अंगे आम्हांला विशेष वाटतात. पश्चिम घाटातून ह्या जातकुळीतला ह्याच्या आधीचा नवा साप १८९४ साली त्रावणकोरच्या डोंगरांतून वर्णिला गेला होता. मधे सव्वाशे वर्षे गेली. ह्या सव्वाशे वर्षांत आपण कोयनेवर धरण बांधले, बोगदे खणले, विजेचे मनोरे उभारले, मोजणीदारांच्या साखळ्या प्रत्येक ओढ्यावरून गेल्या. तीन फूट लांबीचा एक पट्टेदार साप मात्र शास्त्राच्या वहीत नव्हता. दुसरे अंग असे, की हा साप खातो काय, तर हुमायूनच्या निशाचर बेडकाची अंडी! पश्चिम घाटातल्या मांजऱ्या सापांत हा आहार आधी कोणास ठाऊक नव्हता. १९५५ साली ज्या बेडकाचे नाव पडले, त्याच्याच अंड्यांमागे फिरताना हा साप दिसला. ओढा आटला तर बेडूक नाही. बेडूक नाही तर त्या सापाचे ताट रिकामे.

त्याच वर्षी कोयनेच्या नावाची एक छोटी पालही शास्त्रात आली आणि तिच्याबरोबर आंबा घाटाच्या नावाची दुसरी. ह्या पाली घरातल्या पालीच्या दूरच्या बहिणी. डोळ्यांच्या बाहुल्या गोल, दगडांच्या कपारींत आणि झाडांच्या बुंध्यांवर वस्ती. त्याआधी २०१६ साली आंबोलीच्या एका काळ्या खापरखवल्याला पुण्याचे सर्पमित्र नीलिमकुमार खैरे ह्यांचे नाव मिळाले. १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर एका खोलीत बहात्तर तास बसून साप उगाच चावत नाही हे ज्यांनी लोकांना दाखवून दिले, तेच हे खैरे. नावांच्या ह्या यादीकडे पाहिले की काळाचा फेरा दिसतो: एके काळी दारूचे व्यापारी आणि पलटणीतले डॉक्टर, आता आपल्याच गावांतली, आपल्याच भाषेत बोलणारी माणसे.

भाषेचे म्हटले म्हणून सांगतो. अभयारण्याच्या पूर्वेला चाळकेवाडीचे पठार आहे. जांभ्याचे सपाट, वाऱ्याने झोडपलेले. तिथे एक सरडा राहतो. मार्चपासून पावसापर्यंत, म्हणजे आपल्या ह्या व्याख्यानांच्याच दिवसांत, नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उलगडतो. निळा, काळा आणि नारिंगी. आमच्या पाहण्यात एवढा लहान प्राणी एवढा ऐटबाज दुसरा नाही. २०१६ साली ह्या सरड्याची नवी जात म्हणून नोंद झाली, आणि तिच्यासाठी नवे कुलनामही पाडावे लागले. ते कुलनाम कोणते? ‘सरडा’! लॅटिन नाही, ग्रीक नाही. आपल्या पोरांनी कुंपणावर दगड मारताना वापरलेला, तोच मराठी शब्द. जगातल्या प्रत्येक प्राणिशास्त्रज्ञाला तो आता तसाच लिहावा लागतो.

ह्याच पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या पात्यांमुळे शिकारी पक्षी तिथून हटले. जिथे चक्क्या नाहीत तिथे ते सुमारे चौपट दिसले. ससाणे-गरुड हटले म्हणून सरडे वाढले. इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, बरेच झाले. परंतु त्या वाढलेल्या सरड्यांच्या रक्तात भीतीचे रस कमी आढळले, माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळेनात, अंगाने ते वाळले, आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले. वर घारीची सावली फिरेनाशी झाली आणि खाली पंख्याचा निळा रंग उतरला. वाऱ्याची वीज धूर करीत नाही, म्हणून ती निर्दोष, असे आम्हीही समजत होतो. चाळकेवाडीच्या सरड्याने आम्हांला आमचे मत थोडे तपासायला लावले. चक्क्या काढून टाका असे आमचे म्हणणे नाही. पुढची चक्की कुठल्या सड्यावर उभारायची हे ठरविताना तिथे कोण राहते ते आधी पाहा, एवढेच.

सर्पदंशाविषयी बोलल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही, कारण सभा संपल्यावर तोच प्रश्न येतो. मुंबईच्या परळला हाफकिन संस्थेने सर्पविषावरची लस तयार केली आणि तिने असंख्य जीव वाचविले. त्याच संस्थेतले पु. ज. देवरस ह्यांचे भारतातल्या सापांवरचे पुस्तक १९६५ साली निघाले, ते सामान्य वाचकांना फार उपयोगी पडले. आपल्याकडची लस चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कोयनेच्या बांबूच्या बेटांत राहणारा हिरवा चापडा त्या चारांत नाही. तो चावला तर सूज आणि वेदना पुष्कळ, मरण क्वचित. तेव्हा साप चावला की तो मारून आणण्यात वेळ दवडू नये. जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे थांबू नये. अंग न हलविता माणसाला सरळ दवाखान्यात न्यावे. कोणता साप ते डॉक्टर लक्षणांवरून ठरवितात.

पाऊस सुरू झाला, की महाबळेश्वर आणि कोयनेच्या बाजूच्या डांबरी रस्त्यांवर खापरखवले वर येतात. बिळांत पाणी भरते म्हणून ते उघड्यावर निघतात, आणि मोटारींच्या चाकांखाली जातात. मागे एकदा आषाढात आम्ही मित्रांच्या गाडीतून जाताना असाच एक रस्त्याच्या मधोमध पाहिला. गाडी थांबविली. आमच्यातल्या एकाने भीत भीत कागदावर घेऊन त्याला कडेच्या मातीत सोडले. तो डोके खाली घालून आत शिरू लागला. थोड्याच वेळात वर दिसत राहिले ते नुसते शेपटीचे खापर, चिखलाने माखलेले. आणि मग तेही दिसेनासे झाले.